मोटेच्या कातड्याचे जोडे

बालाजीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "काकू, आई गेली…" एवढंच तो म्हणाला आणि फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. बालाजी म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा मुलगा, आणि त्याची आई म्हणजे आमची द्वारकाआक्का. परभणीहून पालमच्या एसटीत बसताना मी पदर तयार ठेवला होता, खिडकीशी बसून रडून घ्यावं म्हणून. पण गंगाखेड मागं पडलं तरी डोळ्याला पाणी येईना. पालमला उतरले, आमच्या गल्लीत वळले आणि बघतच राहिले. पाय ठेवायला जागा नव्हती. खेड्यापाड्यातले शेतकरी, मोंढ्यातले हमाल, एसटीचे दोन कंडक्टर, उर्दू शाळेचे मास्तर, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाया, सगळे उन्हात उभे. दाराबाहेर चपलांचा हा ढीग, आणि त्यातल्या निम्म्यांवर तरी आक्काच्याच हातचे टाके. खोटं कशाला बोलू? जावेचं तोंड बघायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की मी मेले तर एवढी माणसं येतील का? चौतीस वर्षं शाळा केली मी. पन्नास येतील फार तर. त्यातले दहा वाट चुकून आलेले असतील.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी बोलणारच आहे, तिच्याबद्दल वाईट बोलायला तिनं जागाच कुठं ठेवली! पण आधी एवढं सांगून टाकते, की मी या बाईचा जन्मभर हेवा केला. थोडाथोडका नाही, पोटभर. आता पाच-सहा आठवडे झाले तिला जाऊन. वाटलं होतं, माणूसच गेलं तर हेवा कुणाचा करणार. पण तो जागच्या जागी आहे.

मी या घरात सून म्हणून आले ते एकाहत्तरच्या लढाईचं साल. घर चांभारकामाचं. पालमच्या बसस्टँडमागच्या गल्लीत घर, आणि घराच्या ओट्यावरच दुकान. सासरे, म्हणजे आमचे मामा, ओट्यावर मधोमध बसायचे. माझे मालक आणि थोरले दीर आठवडी बाजारांना जोडे घेऊन जायचे. सासूबाई नव्हत्या. बायांचं काम आत, दोरा वळायचा, त्याला मेण लावायचं, वरचे टाके घालायचे. रापीला हात लावायचा नाही. रापी म्हणजे कातडं कापायचं आमचं हत्यार, ते बाप्यांचं. पण आक्का रापी चालवायची. तिच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मामांची नजर अधू व्हायला लागली तसं त्यांनीच तिला ओट्यावर बोलावलं आणि आपल्या समोर बसवलं होतं. अजून शेजारी नाही हं. शेजारी म्हणजे उजव्या हाताला, ती जागा मामांच्या नंतर दुकान चालवणाऱ्याची, असा आमच्या घरचा रिवाज. ती जागा तेव्हा रिकामी होती. आणि मी मॅट्रिक पास झालेली सून, गल्लीतली पहिली. मला वाटलं होतं, माझं कौतुक होईल. झालं की, आठ दिवस! मग नवव्या दिवशी माझ्या मालकांनी जेवताना म्हटलं, "वैनीसारखं डोकं पायजे बाईमाणसाला." माझी तव्यावरची भाकर करपली.

लढाई जाहीर झाली ती हिवाळ्यात, पण माल मिळेना झाला होता त्याच्या किती आधीपासून. नांदेडचा व्यापारी म्हणायचा, चामडं सगळं लष्कराच्या बुटांना जायलंय, तुमच्यासाठी कुठनं आणू? पुढं टायरचं रबर मिळेना, मग बारीक खिळे मिळेनात, मग दोरासुद्धा. लोक फाटके जोडे घेऊन यायचे आणि मामा हात जोडायचे. चहाच्या हॉटेलात रेडिओवर बातम्या लागायच्या तेव्हा सगळं पालम तिथं लोटायचं. आमचे मामा मात्र ओट्यावर रिकामी ऐरण पुढ्यात घेऊन बसलेले असायचे. एकदा मला म्हणाले, "सुमन, तू शिकलेली हायस. पेपरात बग बरं, चामडं कवा येणार, लिवलंय का?" मी सगळा पेपर पालथा घातला. चामड्याबद्दल एक ओळ नव्हती. मला त्या दिवशी माझ्या शिक्षणाचा लय राग आला.

आणि वाट काढली ती आक्कानं. अडाणी बाईनं. एके दुपारी दोरा वळता वळता म्हणाली, "मामा, आपन शिवलेल्या मोटा कुठं गेल्या हो?" आताच्या वाचकांना सांगायला हवं, मोट म्हणजे विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची कातड्याची भली मोठी पिशवी. आमच्या मामांनी आसपासच्या गावांना किती मोटा शिवून दिल्या याला हिशेब नव्हता. पण तेव्हा विहिरींवर इंजिनं बसायला लागली होती आणि मोटा गोठ्यात खुंटीला लटकत होत्या. पोटाचं कातडं जाडजूड, वर्षानुवर्षं तेल पाजलेलं. सोंडेचं, म्हणजे पाणी ओतायच्या नळीचं, मऊ. म्हणजे पोटातून जोड्याचे तळ निघतील, सोंडेतून पट्टे. मामा एकदम ताठ झाले. "दिलेली मोट मागायची न्हाई. लोकं तिची पूजा करत्यात." आक्का म्हणाली, "तुमी नका मागू. मी मागते."

मला सोबत घेऊन गेली. पहिल्याच गावात शेतकऱ्यानं गोठ्याच्या दारातूनच वाटेला लावलं आम्हांला. "माझ्या बापानं नारळ फोडलाय बाई ह्या मोटंवर. तिचे जोडे करून लोकांच्या पायात घालू म्हंतीस? पाप फेडू कुठं?" मी वळलेच. म्हटलं झालं, फजिती पुरे. आक्का हलली नाही. तिनं खुंटीवरच्या मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं हातानं पुसलं आणि म्हणाली, "मालक, नारळ फोडला तवा कुंकू कुठं लावलं होतं? ह्या कड्याला का कातड्याला?" तो म्हणाला, कड्याला. "मग देव कड्यात हाय. कडं देव्हाऱ्यापाशी ठिवा, कातडं मला द्या. जन्मभर पानी पाजलं तिनं तुमच्या रानाला, आता लोकांच्या पायाला काटा लागू देनार न्हाई. पुन्य वाढलंच की तिचं." आतून त्याची म्हातारी आई म्हणाली, "दे रं तिला. बोलती बग कशी." बदल्यात त्या घरातल्या सगळ्यांचे जोडे नीट करून द्यायचे ठरलं. परत येताना ते कातडं माझ्या डोक्यावर होतं आणि आक्का पुढं, हात हलवत. कडं आणि कातडं… मला का नाही सुचलं हे? भूमितीची प्रमेयं पाठ होती माझी!

मग आमचा ओटा पुन्हा वाजायला लागला. खिळ्यांच्या जागी तिनं बाभळीच्या लाकडाच्या बारीक खुंट्या तासल्या, दोऱ्यासाठी ताग वळला, मोहोळाचं मेण आणवलं. पण मोटेच्या कातड्याची एक खोड होती. जन्मभर ओलं राहिलेलं ते. वाळलं की आक्रसतं, पुन्हा भिजून वाळलं की पुन्हा आक्रसतं. म्हणून आक्का त्याला तीन पाणी द्यायची. दिवसभर भिजवायचं, सावलीत दगडाखाली वाळवायचं, असं तीन वेळा. मगच रापी. "रुसवा काढावा लागतो तिचा," म्हणायची. "एका पान्यात कुनाचा रुसवा जातो व्हय?" येणारी-जाणारी माणसं थांबून तिचं काम बघायची. मामा सगळ्यांना सांगायचे, माझी सून, माझी सून. सून मीही होते! मी आत मेण लावत बसायची आणि ऐकायची. नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण शिंकायची सोय नव्हती.

एक दिवस मामा आणि आक्का लांबच्या गावाला मोटा बघायला गेले, मुक्कामानं. दोघे भाऊ बाजाराला. घरात मी एकटी. सकाळीच हसनभाई टपालवाले आले. रोज पायी आठ-दहा वाड्या करायचे ते. तळ पार गेलेले जोडे ओट्यावर ठेवले आणि म्हणाले, "संध्याकाळी मिळाले तर बरं होईल. गावागावात लोक रस्त्याला डोळे लावून बसलेत, लढाईचे दिवस." आता मी म्हणायला हवं होतं, की आक्का परवा येईल. मी म्हटलं, "या संध्याकाळी."

दगडाखाली आक्कानं ठेवलेला एक तुकडा होता. वाळलेला, सपाट, सुंदर. मी तो घेतला. मामांची रापी घेतली. जोडा कातड्यावर ठेवून खडूनं रेघ मारली आणि एका दमात कापत गेले. आयुष्यात तेवढा आनंद मला फार थोड्या वेळा झाला असेल. तळ बसवले, टाके घातले, खुंट्या ठोकल्या. संध्याकाळी हसनभाईंनी जोडा उलटा करून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला. "वा! क्या काट है! किसने बनाया?" मी लाजून म्हटलं, "घरचंच काम आहे. घालून तर बघा." माझा बेत असा होता, की मामा आल्यावर हसनभाईंनी त्यांच्यासमोर वाखाणावं, आणि मग मी हळूच सांगावं. आपल्या तोंडानं आपली आरती कशाला ओवाळा! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो तुकडा एकच पाणी झालेला होता. आक्कानं त्यावर कोळशानं एक रेघ मारून ठेवली होती, तीन झाल्यावर ती तीन रेघा मारायची. मला ती खूण माहीत नव्हती. मेण लावणाऱ्या बाईला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी हसनभाई ओढा ओलांडून गेले. जोडे भिजले, चालता चालता उन्हात वाळले, आणि तळ पापडासारखा वळला. टाके तुटले, खुंट्या वर आल्या आणि पायात घुसल्या. दुपारी त्यांना बैलगाडीत घालून आणलं. पाय सुजला, ते आठ दिवस खाटेवर. त्या दिवसांत टपाल वेळेवर फिरलं नाही. एका वाडीत सरहद्दीवरच्या शिपायाची आई रोज वेशीपाशी येऊन बसायची. तिच्या लेकाचं खुशालीचं पत्र पालमलाच पडून होतं. त्या माउलीनं अन्न सोडलं होतं म्हणे. हे मला कळलं तेव्हा मी चुलीपुढं बसले होते, पुढ्यातली भाकर बाजूला सारली.

हसनभाईंना गाडीतून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आणि आक्का परत आले. ओट्यावर चार माणसं जमलेली, ते जोडे मध्ये पडलेले. मामांनी विचारलं, "हे कुनी केलं?" मी दाराच्या आत उभी होते. तोंड उघडलं मी, देवाशपथ उघडलं. पण आक्कानं एक जोडा उचलला, उलटा केला, बराच वेळ बघितला. मग माझ्याकडं एकदा पाहिलं. आणि मामांना म्हणाली, "मीच, मामा. जायच्या घाईत त्यांच्या मापाचे तळ एकाच पान्यावर कापून ठिवले. सुमनला म्हनलं, आले तर लावून दे त्यास्नी." मामा चार लोकांदेखत तिला नाही नाही ते बोलले. घाई कामाला खाती, म्हणाले. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. मी काही बोलले नाही. तेव्हा नाही, आणि नंतरही नाही.

मामा स्वतः हसनभाईंच्या घरी जाऊन पाया पडून आले. आणि पुढच्या गुरुवारी, सगळ्यांसमोर, त्यांनी आक्काला उजव्या हाताला बसवलं. म्हणाले, "काम तर कुनाचंबी चुकतं. माजं चुकलं म्हनायला छाती लागती. दुकान हिचं." बघा आता! चूक माझी, छाती तिची, जागाही तिची. लोकांना वाटेल मी उपकार मानले असतील. मी रात्रंदिवस जळले. चांगली केलेली गोष्ट दुसऱ्यानं आपल्या नावावर केली तर माणसाला ओरडता तरी येतं. माझी चूक तिनं नेली, मी कुणाकडं दाद मागू? दुसऱ्याच वर्षी मी हट्टानं अध्यापक विद्यालयात नाव घातलं, पुढं नोकरी लागली, परभणीला बिऱ्हाड केलं. मामा गेल्यावर आक्का मधोमध बसायला लागली. मी दिवाळीला जायची, दोन दिवस राहायची, तिच्या हातच्या धपाट्यांना नावं ठेवायची आणि चार बांधून घेऊन यायची. माझ्या चपला मात्र पन्नास वर्षांत तिला कधी शिवायला दिल्या नाहीत. एकदा पट्टा तुटला तर दोरी बांधून परभणी गाठली, पण तिच्यापुढं पाय केला नाही.

गेल्या दिवाळीनंतर ती खाटेला खिळली तेव्हा मी भेटायला गेले. मोसंबी सोलून तिच्या हातावर ठेवत होते. ओट्याकडं बघत म्हणाली, "पोरांस्नी बँका पायजेत. कुनी बसंना आता." मला काय झालं कोण जाणे, एकदम विचारलं, "आक्का, ते हसनभाईंचे जोडे… का घेतलंस गं अंगावर?" ती हसली. दात नव्हते, तरी हसली. "त्येच धरून बसलीस व्हय अजून? तुला काय वाटलं, तुझ्यासाठी घेतलं?" मी म्हटलं, मग? "शिकलेली हायस, पन लय भोळी. तुझी कड बगितली मी त्या दिशी. सुतात गेली होती. मामाच्या हातची वाटावी आशी. माझी सा वर्सांत तशी पडली न्हवती. पान्याची चूक काय, एका दिसात सुदरती. हात कुनाला शिकवता येत न्हाई. मामांना कळलं आसतं की ह्यो काप धाकटीचा हाय, तर म्हातारा चूक इसरला आसता नि त्यानं तुला शेजारी बसवलं आसतं. मग मी कुठं जायचं? तुला शाळा होती. मला काय होतं गं?"

मी मोसंबीच्या बिया गोळा करत राहिले. राग यायला हवा होता. पन्नास वर्षांचा चोर पुढ्यात निजला होता. पण खरं सांगते, मला आधी आनंद झाला. असा आनंद की लाज वाटली. आक्का माझ्यावर जळली होती! द्वारकाआक्का, माझ्यावर! मी म्हटलं, "म्हणजे मी चांगलं कापलं होतं?" ती म्हणाली, "सांगितलं की. सारकं सारकं काय इचारती?" आणि तोंड भिंतीकडं केलं. जाताना मी तिच्या पायांवरून पांघरूण ओढलं. तेवढंच. पुन्हा भेट नाही झाली.

तेराव्याला जेवणं झाली आणि माणसं आक्काच्या आठवणी काढायला लागली. हसनभाईंचे चिरंजीव रशीदभाई उठले, आता तेही आजोबा झालेत. म्हणाले, "अब्बा म्हणायचे, द्वारकाबाईचं काम जिंदगीत एकदाच चुकलं, तेही आमच्याच जोड्यात. पण कबूल केलं हो बाईनं! अब्बा शेवटपर्यंत ते जोडे दाखवायचे लोकांना." सगळे हसले, काहींनी डोळे पुसले. म्हणजे माझी चूकसुद्धा तिच्या अंगावर दागिन्यासारखी शोभत होती. मी उभी राहिले. म्हटलं, "ते जोडे आक्कानं केले नव्हते. मी केले होते. एका पाण्यावर मी कापले." मग रशीदभाई हात जोडून म्हणाले, "वा, भाभी. ह्याला म्हणतात घराणं. गेलेल्या जावेवर डाग नको म्हणून…" मी म्हटलं, अहो खरंच मी. बालाजीची बायको माझ्या दंडाला धरून म्हणाली, "बसा काकू, तुमाला त्रास व्हायलाय. तुमी तर शाळेतल्या बाई, तुमाला कुठं येतंय ते?" आणि मला पाणी दिलं.

म्हणून हे लिहायला घेतलं. निदान छापून आलं तर लोक मानतील अशी आशा आहे. पालमचे कुणी वाचत असतील त्यांना सांगते, ती चूक माझी होती आणि तो कापही माझा होता. दोन्ही मला परत करा.

त्या दिवशी माणसं पांगल्यावर मी ओट्यावर गेले. मधोमध आक्काचं गोणपाट तसंच अंथरलेलं होतं, तिच्या बसण्यानं खोलगट झालेलं. तिच्या जागेवर मी नाही बसले. उजव्या हाताला, जिथं कितीतरी वर्षांत कुणी बसलं नव्हतं, तिथली धूळ पदरानं झाडली आणि गुडघे धरून हळूहळू खाली बसले. समोरून माणसं जात-येत होती. कुणी विचारलं नाही, की तू इथं कशी. विचारणारी एकच होती. या एवढ्या जगात माझा हेवा करणारं ते एकच माणूस होतं… आणि मग मला रडू आलं.